सैरंध्रीचा रंग
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात बाजारहत्नूर येथे स्मरणिका समितीच्या वतीने केलेले भाषण)



स्मरणिका समितीने आज चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. आम्ही कोणी वक्ते नव्हे. आमच्यापैकी कोणी शेती करतो, कोणी शाळेत शिकवितो, कोणी दुकान सांभाळतो. स्मरणिकेचे काम अंगावर आले म्हणून गेले काही महिने जुन्या वह्या चाळल्या, पावत्या जुळविल्या, फोटो पुसून काढले. त्या कामातच एका पानावरून आमच्यात वाद झाला. तो वाद काय होता ते शेवटी सांगू. आधी ज्या गृहस्थाच्या आठवणीने तो मिटला, त्या गृहस्थाची हकीकत सांगू द्यावी. ते होते सिनेमाचे छायाचित्रकार. त्यांचे नाव केशवराव धायबर.

धर्मादाय ट्रस्टच्या व्यासपीठावर सिनेमाची गोष्ट कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी किती जणांनी जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर मांडी घालून, मध्येच तुटणारी फीत पुनः जोडली जाईपर्यंत शिट्ट्या ऐकत सिनेमा पाहिला आहे, हे त्यांनीच आठवून पाहावे. आपला हा मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला. राज्ये बदलली, पाट्यांवरची लिपी बदलली, तरी घरातली मराठी राहिली. ती टिकविण्यात कीर्तनाचा वाटा आहे, शाळेचा आहे, तसा थोडा पैनगंगेपलीकडून आलेल्या मराठी बोलपटांचाही आहे. त्या चित्रांत राजे, राण्या आणि संत कोण झाले ते आपणांस पाठ असते. कॅमेऱ्यामागे कोण उभा होता ते मात्र कोणी विचारीत नाही.

केशवरावांनी हे काम कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकून घेतले. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. परदेशी कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो आपणच तयार करावा असे त्यांनी मनावर घेतले आणि १९१८ च्या सुमारास तो खरोखर तयार केला. छत्रपती शाहू महाराजांचा या कलावंतांना आश्रय होता. अशा गुरूच्या हाताखाली शिकलेल्या माणसांना एक सवय लागते. एखादी गोष्ट आपल्याकडे नाही, म्हणून ती आपल्याला करता येणार नाही, असे ती मानीत नाहीत.

याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे हातांनी काम करणारे आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी, असे हे पाच भागीदार. तुतारी फुंकणारी स्त्री ही त्यांची खूण घरोघर ओळखीची झाली. कामाची वाटणीही सरळ होती. शांतारामबापू दिग्दर्शन करीत, दामले पुढे ध्वनीचे काम पाहू लागले, फत्तेलाल देखाव्यांचे, आणि कॅमेरा केशवरावांकडे. काही मूकपटांचे दिग्दर्शन त्यांनी शांतारामबापूंच्या जोडीने केले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आला, त्याचे छायाचित्रण केशवरावांचेच. दुर्गाबाई खोट्यांची तारामती आणि गोविंदराव टेंब्यांचा हरिश्चंद्र लोकांनी पाहिला तो त्यांच्या भिंगातून.

आता छायाचित्रकार करतो तरी काय, हे मुलांसाठी दोन शब्दांत सांगितले पाहिजे. तो उजेड मोजतो. कोणत्या वस्तूवर किती उजेड पाडावा, सावली कोठे ठेवावी, कोणता चेहरा किती जवळून दाखवावा, हे त्याच्या डोळ्यावर अवलंबून. त्या काळची चित्रे काळी-पांढरी. मूकपटाच्या फितीला तर तांबडा रंग दिसतच नसे. कपाळाचे लालभडक कुंकू त्या फितीवर काळे उमटे. म्हणून जुन्या छायाचित्रकाराला समोरचा रंग पाहताच मनात त्याची छटा करावी लागे. हिरवे लुगडे पडद्यावर किती करडे दिसेल, लाल काठ किती काळा दिसेल, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चाले. केशवरावांनी हा हिशेब वर्षानुवर्षे केला होता.

अशा माणसापुढे १९३३ साली प्रश्न आला तो रंगीत चित्राचा.

प्रभातने ‘सैरंध्री’ काढावयाचे ठरविले. कथा विराटपर्वातली. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीची दासी होऊन राहते, कीचक तिच्यामागे लागतो आणि भीम रात्री नृत्यशाळेत त्याचा वध करतो. याच कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२० साली मूकपट काढून नाव मिळविले होते. म्हणजे ज्या कथेने गुरूचा उदय झाला, तीच कथा शिष्यांनी पुनः हाती घेतली, आणि या खेपेस तिला रंग द्यावयाचा असे ठरविले.

त्या साली रंगीत चित्र ही काय वस्तू होती ते ध्यानात घेतले पाहिजे. मूकपटांच्या काळात फीत रंगाच्या पाण्यात बुडवीत. रात्रीचा देखावा निळा, आगीचा तांबडा. परंतु तो सगळ्या चित्रावर चढविलेला एकच रंग, धुळवडीला तोंडाला फासलेल्या रंगासारखा. माणसाची कांती, झाडाचे पान आणि अंगावरचे वस्त्र ज्याच्या त्याच्या रंगात दाखवावयाचे ही गोष्ट निराळी. अमेरिकेत तीन रंगांची पद्धत तेव्हा नुकतीच निघाली होती. डिस्ने यांनी तिच्यात १९३२ साली एक लहानसे व्यंगपट काढले होते. परंतु माणसांनी कामे केलेले पूर्ण लांबीचे तीन रंगी चित्र तेथेसुद्धा १९३५ साली निघाले. ज्या जर्मनीकडे प्रभातची मंडळी विद्येसाठी पाहत होती, तेथे पूर्ण लांबीचे पहिले रंगीत कथाचित्र लोकांपुढे आले ते १९४१ साली. तेव्हा १९३३ साली कोल्हापुरात बसून रंगाला हात घालणाऱ्या माणसांचे काम सोपे नव्हते. आपल्याकडे वाट मळलेली नसताना त्यांनी पाऊल टाकले होते.

त्यांच्या हाती आलेली पद्धत दोन रंगांची, दुहेरी फितीची होती. कॅमेऱ्यात एकाऐवजी दोन फिती एकमेकींस चिकटून चालावयाच्या. पुढची फीत निळा-हिरवा उजेड टिपून घेई. तिच्या अंगावर तांबड्या रंगाचा पातळ थर असे, त्यातून गाळून तांबडा उजेड तेवढा मागच्या फितीपर्यंत पोहोचे. जणू एकाच जात्यावर दोन धान्ये दळून पिठे वेगळी ठेवावयाची. मग छापताना दोन्ही अंगांना लेप असलेल्या फितीवर एका बाजूस नारिंगी-तांबडे आणि दुसऱ्या बाजूस निळे-हिरवे असे चित्र उमटवीत, आणि त्या दोहोंच्या मिश्रणातून पडद्यावर रंग दिसे.

यात छायाचित्रकाराच्या अडचणी किती ते पाहा. मागच्या फितीला उजेड मिळावयाचा तो पुढचीतून झिरपून, म्हणून नेहमीपेक्षा कितीतरी अधिक उजेड लागे. झिरपताना तो पसरे, म्हणून मागचे चित्र किंचित पुसट येई. आणि सर्वांत मोठी अडचण निराळीच होती. कॅमेऱ्यातल्या त्या दोन्ही फिती स्वतः काळ्या-पांढऱ्याच असत. रंग तेथे नसेच. तो चढावयाचा शेवटी, छापखान्यात, आणि ‘सैरंध्री’च्या बाबतीत तो छापखाना होता जर्मनीत. चित्र घेणारे कोल्हापुरात आणि रंग चढविणारे साता समुद्रांपलीकडे. आज मुले हातातल्या फोनवर फोटो काढतात आणि त्याच क्षणी पाहून घेतात. बरा नसेल तर दुसरा काढतात. केशवरावांना आपण टिपलेला रंग दिसणार होता तो सगळे काम उरकल्यावर, देखावे मोडल्यावर, पात्रे घरी गेल्यावर. बी पेरावयाचे एका शिवारात आणि पीक दिसावयाचे दुसऱ्या खंडात, असा तो प्रकार होता.

शिवाय दोन रंगांत जगातले सगळे रंग बसत नाहीत. आपल्या गावच्या उदाहरणाने सांगतो. फाल्गुनात आपल्या रानातला पळस पेटतो. त्याचा तो केशरी-तांबडा रंग या पद्धतीत बरा उतरला असता. दिवाळीत दंडारीच्या वेळी आपले गोंड बांधव गुसाडीचा मोरपिसांचा मुकुट घालून नाचतात. त्यातला निळा-हिरवा झोतही काही अंशी आला असता. परंतु हळद आली नसती. पिवळ्या रंगाला या दोन रंगांत जागाच नाही, तो नारिंगीकडे किंवा गुलाबीकडे झुकतो. जांभळाही मळकट होतो. आपल्या पऱ्हाटीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावयास नको. त्या फितीवर दोन्ही दिवसांचे फूल जवळजवळ एकसारखेच दिसले असते. आता विचार करा, ज्या देशात लग्न हळदीशिवाय लागत नाही, देवाचा भंडारा पिवळा आणि पितांबर पिवळे, त्या देशातली पौराणिक कथा हळदीवाचून रंगवावयाची होती.

शांतारामबापू फीत घेऊन जर्मनीस गेले. प्रती तयार झाल्या. पण रंग जमला नाही. जे पडद्यावर उमटले ते भडक आणि बेसूर होते. ‘सैरंध्री’ लोकांपुढे आले आणि लोकांनी ते उचलून धरले नाही. जिच्यावर एवढी आशा ठेवली होती ती गोष्ट पडली. प्रभातने त्यानंतर रंगाचा नाद सोडला आणि आपली पुढची चित्रे काळ्या-पांढऱ्यातच काढली.

येथे गोष्ट संपली असती, तर ती आज सांगण्याचे कारण नव्हते.

त्याच सुमारास, १९३३ साली, प्रभात कोल्हापूर सोडून पुण्यास आली. नव्या जागेत निघालेले पहिले चित्र १९३४ सालचे ‘अमृतमंथन’. छायाचित्रण पुनः केशवराव धायबरांचेच. नुकत्याच फसलेल्या चित्राच्या छायाचित्रकाराला भागीदारांनी बाजूस बसविले नाही, आणि त्यानेही कॅमेरा खाली ठेवला नाही. जर्मनीच्या त्या फेरीतून रंग आला नाही, पण परदेशी कामाची ओळख आणि नवी दृष्टी आली होती. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचे काम चंद्रमोहन या नव्या नटाने केले. त्या राजगुरूचा एक डोळा, दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगातून टिपून, सगळ्या पडद्यावर भरून दाखविला आहे. तो क्रूर, रोखलेला डोळा ज्यांनी एकदा पाहिला ते तो विसरले नाहीत. त्यात रंग एकही नाही. उजेड आहे, सावली आहे आणि नेमके किती जवळ जावे याची जाण आहे. रौप्यमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्याकडच्या आरंभीच्या चित्रांत ‘अमृतमंथन’ची गणना होते.

म्हणजे ज्या हातांनी १९३३ सालचे अपयश पाहिले, त्याच हातांनी पुढच्याच वर्षी आपले गाजलेले काम केले. आम्हांस यात योगायोग दिसत नाही. रंगाच्या खटाटोपात ज्याने उजेडाचा कण न् कण मोजला, त्याला काळ्या-पांढऱ्यात उजेड अधिक कळला असला पाहिजे. हा आमचा तर्क आहे, पण शेतात राबणाऱ्यास तो पटेल. एका पिकाला घातलेले खत त्या पिकाला लागले नाही, तर ते पुढच्या पिकाला लागते.

पुढे १९३६ साली केशवरावांनी प्रभातसाठी ‘राजपूत रमणी’चे दिग्दर्शन केले आणि नंतर ते प्रभातमधून बाहेर पडले. कॅमेऱ्यामागची त्यांची जागा व्ही. अवधूत यांनी आधीच चालवावयास घेतली होती. १९३६ सालचे ‘संत तुकाराम’ हे अवधूतांच्या कॅमेऱ्याचे. एकाने घातलेल्या पायावर दुसऱ्याने भिंत चढविली.

आणि रंगाचे काय झाले? १९३७ साली मुंबईच्या इंपीरियल कंपनीने ‘किसान कन्या’ काढले. त्याचे रंगाचे कामसुद्धा आपल्याच देशात झाले. पुढे फितीच्या एकाच पट्टीवर तीन थर देण्याची युक्ती रुळली आणि रंग टिपणे सोपे झाले. शांतारामबापूंनी मनातला रंग सोडला नव्हता. १९५५ साली त्यांचे ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आले आणि लोक वेडे झाले. छायाचित्रकार जी. बाळकृष्ण. ‘सैरंध्री’पासून तेथवर बावीस वर्षे लागली. १९७२ सालचा त्यांचा मराठी ‘पिंजरा’ तर येथल्या पुष्कळांनी स्वतः पाहिला आहे. त्यातले रंग पाहताना कोणाला ‘सैरंध्री’ आठवले असेल असे नाही. पायातला दगड दिसत नसतो. प्रभातचे काम १९५३ साली थांबले आणि पुण्याच्या त्याच आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केले. जेथे ही मंडळी चुकतमाकत शिकली, तेथे आता देशभरची मुले शिकतात.

आता आमच्या वादाकडे येतो.

आपल्या ट्रस्टने आरंभीच्या वर्षांत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी गावात एक लहानसे वसतिगृह काढले होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. भाड्याचे घर, दोन खोल्या, पुढे पडवी. आपल्याच घरच्या आयाबहिणी पाळीपाळीने येऊन भाकऱ्या भाजीत. दोन वर्षे ते चालले आणि बंद पडले. कापसाच्या वेचणीचे दिवस आले की आईबाप मुलांना घरी नेत, ती परत येईनात. पावसाळ्यात वाट बंद झाली की धान्य पोहोचेना. जुन्या अहवालात त्याविषयी एवढेच लिहिले आहे, ‘काही कारणास्तव वसतिगृह बंद करण्यात आले.’ स्मरणिकेत त्याचे एक पान घालावे असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे पडले. दुसरे म्हणाले, उत्सवाच्या पुस्तकात अपयश कशाला? देणगीदार काय म्हणतील? मंगल कार्यात अमंगळ काढू नये.

दोन्ही बाजूंचे बोलणे खरे होते, म्हणून वाद वाढला. एका बैठकीत तर मने दुखावली. ज्यांनी त्या वसतिगृहाचे हिशेब लिहिले, त्यांच्या घरची मंडळी येथे आहेत. त्यांना वाटले, आपल्या वडिलांची नामुष्की छापली जाणार. तेव्हा आमच्यातल्या एका शिक्षकांनी केशवराव धायबरांची ही हकीकत सांगितली. ती संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हिशेबाची ती वही पुनः उघडली. तिच्यात काय आहे? मुलगा कोणत्या महिन्यात गेला, का गेला, परत आला की नाही, हे एकेका नावापुढे नीट लिहिलेले आहे. शेवटच्या पानावर उरलेल्या तांदळाची आणि सहा ताटांची नोंद आहे. पुढे ट्रस्टने मुलांना गावात आणून ठेवण्याऐवजी वेचणी संपल्यावर घरोघरी वह्या-पुस्तके आणि फीचे पैसे देण्याची रीत घातली. ती आजवर चालू आहे. त्या मदतीवर शिकलेली माणसे आज या मंडपात खुर्च्या मांडीत होती. ही रीत कोठून आली? ती त्या वहीतून आली. वेचणीचे गणित आम्हांला त्या बंद पडलेल्या वसतिगृहाने शिकविले.

म्हणून ते पान स्मरणिकेत घेतले आहे. ज्यांनी ते वसतिगृह चालविले, ज्यांनी तेथे चुलीपाशी बसून भाकऱ्या भाजल्या, त्यांच्या घरच्यांनी ते मान खाली घालून वाचू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे. उलट लेकीसुनांना बोलावून वाचून दाखवावे. कोल्हापुरातल्या त्या माणसांचा रंग फसला, त्यांची माया फसली नाही आणि मेहनतही फसली नाही. आपल्या वडिलांचेही तसेच.

अजून एक मागणे विश्वस्तांपाशी आहे. येत्या वर्षांत नवी कामे निघतील, काही पार पडतील, काही पडणार नाहीत. जे पार पडणार नाही त्याचीही वही ठेवावी. ‘काही कारणास्तव’ हे शब्द आपल्या अहवालातून काढून टाकावेत आणि कारण लिहावे. पुढच्या पिढीला आपल्या यशाचा उपयोग होईल न होईल, पण त्या वहीचा होईल.

आमचे बोलणे लांबले. जेवणाची पाने मांडली गेली आहेत आणि मुले केव्हाची चुळबुळ करीत आहेत. स्मरणिकेसाठी घरातले जुने फोटो विश्वासाने आमच्या हाती दिले गेले. फोटो सर्वांचे परत केले जातील. त्यांतले बहुतेक काळे-पांढरे आहेत. घरी गेल्यावर ते मुलांना दाखवा आणि कोणत्या लुगड्याचा रंग कोणता होता ते तुम्ही तोंडाने सांगा. आठवण असलेली माणसे आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.